आठ गुंठ्यांचे मोल

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरात मद्याचा शिरकाव नाही, व तो होऊ नये हेच इष्ट होय. तेव्हा शेतकऱ्यांच्या मासिकात पांढऱ्या द्राक्षमद्याची हकीकत कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास तो अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु येथे पेल्याचा विचार कर्तव्य नाही. तो पेला ज्या जमिनीतून भरतो त्या जमिनीचा, तिच्या मालकीचा व विशेषतः तिच्या वाटणीचा विचार कर्तव्य आहे; आणि वाटणीचा प्रश्न तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिलेला आहे.

प्रस्तुत लेखकाच्या घरीच गेल्या उन्हाळ्यात वाटणीची बोलणी निघाली. आजोबांच्या नावे सोनगीरच्या शिवारात एकच गट होता. वडिलांच्या पिढीत त्याचे तीन हिस्से झाले, व आमच्या वाट्यास आलेल्या हिश्शाचे आता पुन्हा तुकडे व्हावयाचे होते. विहीर एक, गाडीवाट एक, विजेची जोडणी एक. आणि हिस्से मात्र अनेक. धाकटे बंधू कागदावर रेघा ओढीत म्हणाले, “दादा, विहिरीजवळचा हा आठ गुंठ्यांचा तुकडा कोणाच्याच हिश्शात नीट बसत नाही. विकून टाकू. आठ गुंठ्यांत असे काय पिकणार आहे?” त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे नाशिकच्या एका द्राक्षबागाइतदार स्नेह्यांकडे जाण्याचा प्रसंग आला, आणि तेथे जे पाहिले व ऐकले त्यावरून हा लेख सुचला.

सोनगीरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ताच पुढे धुळे व मालेगाव ओलांडून नाशिकास पोचतो. त्या नाशिकच्या परिसरात, गंगापूर धरणाच्या बाजूस, सामंत कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन होती. या घराण्यातील श्री. राजीव सामंत हे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन व काही काळ नोकरी करून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मायदेशी परतले व या जमिनीकडे वळले. त्यांनी प्रथम आंबा लावून पाहिला, गुलाब केला, सागवान लावले, खाण्याची द्राक्षेही पिकविली. पुढे मद्याची द्राक्षे येथे होतील असे मनात येताच ते कॅलिफोर्नियात जाऊन हा धंदा शिकले, तेथील एक जाणकार मद्यनिर्माते श्री. केरी डॅमस्की यांचे साह्य मिळविले, आणि शेनिन ब्लाँ व सोव्हिनॉन ब्लाँ या दोन पांढऱ्या जातींची लागवड केली. २००० साली त्यांचे पहिले मद्य बाजारात आले. मातोश्री सुलभाताई यांच्या नावावरून मळ्यास ‘सुला’ हे नाव दिले होते. घरच्या शेतात आरंभ झालेला हा उद्योग २०२२ सालच्या डिसेंबरात शेअरबाजारात नोंदला गेला.

खाण्याचे द्राक्ष व मद्याचे द्राक्ष यांत काय भेद आहे, हे आमच्या बागाइतदार वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे. दोहोंसही आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या लागतात: उन्हाळ्यातील खरड छाटणी व पावसाळा सरताना फळछाटणी. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल निद्रिस्त होतो, तेथे एकच छाटणी पुरते व तोड शरदाच्या आरंभी होते. आपल्याकडे ती हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. परंतु खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, लांब व पातळ सालीचा व्हावा म्हणून बागाइतदार संजीवकांचे द्रावण देतो, तर मद्याच्या द्राक्षाचा मणी लहान व जाड सालीचाच हवा असतो. तेथे घड मुद्दाम मर्यादित ठेवावे लागतात; कारण वेलीवर भार वाढला की रस पातळ होतो व मालाचा दर्जा उतरतो. थोडक्यात, एकात मण मोजतात व दुसऱ्यात गुण मोजतात. अधिक उत्पन्न म्हणजे अधिक पैसा, हे गणित ज्या मळ्यात चालत नाही, असा मळा आमच्यापैकी अनेकांनी पाहिलेला नाही.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले व त्यानंतर नाशिक जिल्ह्यात वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. परंतु या कहाणीची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे श्री. शामराव चौगुले यांनी त्यापूर्वीच, १९८२ साली, फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने या धंद्याचा पाया घातला होता. ‘ओमर खय्याम’ हे तेथील फेसाळ पांढरे मद्य परदेशांतही नावाजले गेले. तो उद्योग अफाट विस्तारला व २००८ नंतरच्या मंदीत कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. त्याच सुमारास अनेक वायनऱ्यांनी माल उचलण्यास असमर्थता दाखविली व कित्येक शेतकऱ्यांनी मद्याच्या द्राक्षांचे वेल मुळासकट उपटून टाकले. खाण्याची द्राक्षे भाव पडला तरी बाजारात नेता येतात, बेदाणा करता येतो; शेनिनचा बारीक मणी वायनरीने नाकारला म्हणजे त्यास दुसरे गिऱ्हाईक नाही.

आमचे स्नेही त्या दिवसांतूनही तगून राहिले. आज ते एका वायनरीस दीर्घ मुदतीच्या कराराने माल घालतात. दर ठरलेला, मार्गदर्शन मिळते, बाजारातील दलालाची कटकट नाही; याबद्दल ते समाधानी आहेत. तथापि निरोप घेताना ते जे बोलले ते विसरता येत नाही. ते म्हणाले, “माल माझा, घाम माझा, पण बाटलीवर नाव माझ्या शेताचे नाही. उद्या मी नसलो तर दुसऱ्याचा माल त्याच बाटलीत जाईल आणि कोणास फरकही कळणार नाही.” या बोलण्यात करार करणाऱ्या व्यापाऱ्याची निंदा नव्हती. त्याने भांडवल घातले, धोका पत्करला व नाव कमावले. ते नाव त्याचेच होय. प्रश्न इतकाच की आपण आपले नाव कमावण्यासाठी काय केले?

ज्या देशातून ही कलमे आली त्या फ्रान्समध्ये याचे एक उत्तर पाहावयास मिळते. तेथे बर्गंडी प्रांतात प्यूलिन्यी नावाचे एक लहान खेडे आहे. या गावच्या व शेजारच्या शासान्य गावच्या हद्दीवर, चुनखडीच्या एका मंद उतारावर, मोंराशे नावाचे शेत आहे. क्षेत्र केवळ आठ हेक्टर, म्हणजे सुमारे वीस एकर. तेथे शार्दोने या एकाच जातीची पांढरी द्राक्षे होतात व त्यांचे मद्य जगातील श्रेष्ठ पांढऱ्या मद्यांत गणले जाते. उताराच्या किंचित खाली, मध्ये केवळ एक वाट सोडून, दुसरे शेत लागते. त्याचेही मद्य उत्तम, परंतु नाव निराळे व मोलही निराळे. या एका शेताची कीर्ती एवढी की १८७९ साली प्यूलिन्यी गावाने आपल्या नावापुढे शेताचे नाव जोडून घेतले. गावावरून शेतास नाव पडलेले आपण नित्य पाहतो. शेतावरून गावास नाव पडावे, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

आता वाटणीकडे येऊ. फ्रान्समध्ये १८०४ सालच्या नेपोलियनच्या कायद्याने सर्व मुलांस, मुलगे व मुली असा भेद न करता, समान वारसा ठरविला. कायदा न्याय्य होता, पण त्याचा परिणाम आपल्याकडील वाटण्यांसारखाच झाला. बर्गंडीत क्लो द वूजो म्हणून भिंतीने वेढलेला एक प्रसिद्ध मळा आहे. सुमारे पन्नास हेक्टरांच्या त्या मळ्यात आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. मोंराशेच्या वीस एकरांतही दीड डझनाच्या आसपास मालक आहेत. कोणाच्या वाट्यास काही एकर, तर कोणाच्या वाट्यास चार-दोन ओळी.

याच गावी लफ्लेव्ह घराणे १७१७ सालापासून नांदत आहे. या घराण्यातील जोसेफ लफ्लेव्ह हे व्यवसायाने यंत्रज्ञ होते. त्यांच्या तरुणपणी फायलॉक्सेरा नामक मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड केले होते व जमीन कवडीमोल झाली होती. आपल्याकडे क्षारयुक्त जमीन व पाण्याचा ताण यांवर उपाय म्हणून बागाइतदार डॉगरिजसारख्या खुंटांवर कलम बांधतात. फ्रान्समध्ये या किडीवर तोच उपाय, म्हणजे अमेरिकन खुंटावर देशी कलम, अखेर लागू पडला. जोसेफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत एकेक तुकडा विकत घेतला, खुंटांवर नवी लागवड केली, व पुढे व्यापाऱ्यास घाऊक माल घालण्याऐवजी आपल्याच नावाने बाटल्या भरून विकण्याचा मार्ग धरला. १९५३ साली ते वारले.

तेव्हा त्यांच्या चार अपत्यांपुढे तोच प्रश्न उभा राहिला जो आमच्या ओसरीवर कागदावर रेघा ओढताना उभा होता. कायद्याने प्रत्येकास चौथा हिस्सा तोडून मागता आला असता. परंतु त्या चौघांनी, दोन बंधू व दोन भगिनी यांनी, जमीन एकत्र ठेवण्याचा निर्णय केला. मालकी चौघांची, कारभार मात्र मुख्यतः व्हँसाँ व जोसेफ या दोघा बंधूंकडे. १९७३ साली या व्यवस्थेस कुटुंबाच्या कंपनीचे रूप दिले गेले, म्हणजे वारसांत वाटणी झाली ती भागांची, बांधांची नव्हे. १९९० पासून व्हँसाँ यांची कन्या आन-क्लोद हिने, प्रथम चुलतबंधूसह व पुढे एकटीने, कारभार पाहिला. तिने रासायनिक औषधे टाकून दिली व १९९७ पर्यंत सर्व मळा सेंद्रिय स्वरूपाच्या निराळ्या पद्धतीवर आणला. २०१५ साली ती निवर्तली, तेव्हा मळा फुटला नाही. घराण्यातील पुढच्या पिढीच्या एका वारसाने सूत्रे हाती घेतली. आज हा मळा सुमारे पंचवीस हेक्टरांचा आहे. आपल्या हिशेबाने साठ एकरांच्या आतबाहेर. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळी खानदेशातील एखाद्या मोठ्या पाटलाकडे असे तेवढाच.

या घराण्याजवळ प्रत्यक्ष मोंराशे शेतात पूर्वी जमीन नव्हती. १९९१ साली त्यांनी तेथे एक तुकडा घेतला. त्याचे क्षेत्र किती, तर सुमारे ०.०८ हेक्टर. वाचकहो, हे जवळजवळ आठ गुंठे होतात. त्या आठ गुंठ्यांतून एखादे पिंप मद्य निघते, म्हणजे सुमारे तीनशे बाटल्या. आणि त्यांतील एकेका बाटलीस कित्येक लक्ष रुपये मोजणारे लोक जगात आहेत. बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले ते हे. आठ गुंठ्यांत काय पिकेल हे केवळ गुंठ्यांवर ठरत नाही. त्या मातीस नाव आहे काय, ते नाव राखणारे हात टिकून आहेत काय, व त्या हातांमागे एकजीव घर आहे काय, यांवर ते ठरते.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही सोनगीरच्या काळ्या जमिनीत मोंराशे पिकविण्याची भाषा बोलत आहो. आमचा पाऊस तुटपुंजा, आमची पिके निराळी, आणि नाशिकात उपटलेल्या वेलांचा धडा ताजा आहे. शिवाय नाव कमावणे व राखणे हे सुखाचे काम नव्हे. या शतकाच्या आरंभी बर्गंडीच्या पांढऱ्या मद्यांत बाटलीतच अकाली म्हातारपण येण्याचा दोष दिसू लागला व लफ्लेव्ह यांचा मालही त्यातून सुटला नाही. गिऱ्हाइकांची निराशा झाली. तेव्हा त्या घराण्याने २०१४ च्या सुगीपासून जुनी बुचे सोडून नव्या प्रकारची बुचे स्वीकारली. दैवही कोणास सोडीत नाही: एप्रिल २०२१ मधील हिमाने त्या प्रांतातील पांढऱ्या द्राक्षांचे कोंब जाळून टाकले. नाव असले म्हणजे संकट येत नाही असे नाही. नाव असले म्हणजे संकटानंतर पुन्हा उभे राहण्यास आधार राहतो, इतकेच.

आता आपल्या घरी पाहू. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास उतरली. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ सालीच मुंबई सरकारने कायदा केला होता. परंतु कायद्याने कागद अडतो, भाऊबंदकी अडत नाही. सातबाऱ्यावर एक गट व शिवारात पाच बांध, हे चित्र कोणत्या गावी नाही? प्रत्येक नव्या बांधाने पेरणीची थोडी जमीन जाते, एका विहिरीवर पाळ्यांची भांडणे लागतात, आणि ज्याच्या वाट्यास दोन एकर आले तो चांगल्या अवजाराचा, साठवणीचा वा प्रतवारीचा विचारच करू शकत नाही. तो माल निघेल तसा आडत्याकडे नेतो व मिळेल तो भाव घेऊन परततो.

आणि नावाचे म्हणाल तर आपला प्रांत त्यास अपरिचित नाही. सोनगीरची तांब्यापितळेची भांडी एके काळी दूरवर नावाने ओळखली जात. येथील कारागिरांच्या हातोडीचे ते फळ होते. स्टेनलेस पोलाद घरोघर आले व तो धंदा उतरला, तरी गावाचे नाव अजून त्या भांड्यांशी जोडलेले आहे. शेतीतही असेच घडू लागले आहे. २०१६ साली जळगावची केळी, जळगावचे भरिताचे वांगे व नवापूरची तूरडाळ यांस भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ च्या जून महिन्यात जळगाव जिल्ह्यातील तांदलवाडी येथील शेतकऱ्यांची सुमारे २२ टन मानांकित केळी दुबईस रवाना झाली. मानांकन म्हणजे केवळ भिंतीवर टांगण्याचा कागद नव्हे. परंतु त्या नावाखाली प्रत्येकाने हलका माल घुसडला तर तो तसाच होऊन बसेल, हेही खरे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जमीन वाटू नये, उत्पन्न वाटावे. भावंडांनी लेखी करार करून क्षेत्र, विहीर व अवजारे एकत्र ठेवावी. कसणारा एक किंवा दोघे ठरवावे व त्यांच्या कष्टाचा मोबदला प्रथम बाजूस काढून मग बाकीचे हिश्शाप्रमाणे वाटावे. हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमक्ष वाचावा, आणि त्यास आखाजीचा दिवस योग्य. सालदाराचे साल आपण आखाजीलाच ठरवितो, सासुरवाशिणीही त्याच वेळी माहेरी येतात. जेथे गावातील दहा-पंधरा घरे एकविचाराची असतील तेथे उत्पादक कंपनी काढून प्रतवारी, साठवण व विक्री एकत्र करावी.

सासुरवाशिणींचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला. जमीन एकत्र ठेवावी असे म्हटले की काहींच्या मनात प्रथम येते ते बहिणींकडून हक्कसोड लिहून घेणे. हा मार्ग अन्यायाचा आहे. २००५ सालच्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिलेला आहे. एक साडी व दोन दिवसांचा पाहुणचार यांच्या बदल्यात अंगठा घेऊन राखलेली जमीन एकत्र राहिली असे म्हणता येत नाही. ती केवळ एका बाजूस सरकली. लफ्लेव्ह यांच्या चौघांत दोन भगिनी होत्या, व त्या मळ्याची आधुनिक काळातील कीर्ती ज्या व्यक्तीने वाढविली ती त्या घरची लेक होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे: बारभाईची शेती, काय लागेल हाती! एकाने राबावे व चौघांनी खावे, यातून कलह माजतो, हे म्हणणे अनुभवाचे आहे. परंतु ती म्हण ज्या शेतीस लागू पडते त्या शेतीत कारभारी ठरलेला नसतो, वही लिहिलेली नसते व राबणाऱ्याचे मोल धरलेले नसते. मालकी अनेकांची असावी आणि कारभार एकाचा असावा, या दोन गोष्टी निराळ्या ठेवता येतात. सहकारी साखर कारखान्याचे भाग घेताना हे तत्त्व आपण मान्य करतो. मग स्वतःच्या घरातच ते अशक्य का मानावे? जेथे मने इतकी फाटली असतील की एकत्र बसून वही वाचता येणार नाही, तेथे सरळ वाटणी करावी हेच बरे. परंतु तशी वेळ येण्यापूर्वी प्रयत्न करून पाहिला पाहिजे.

आमच्या घरापुरते सांगावयाचे तर गेल्या आखाजीस धाकटी बहीण माहेरी आली असता हा विषय तिच्यासमोर काढला. ती म्हणाली, “दादा, मला तुकडा तोडून नको. पण वहीत माझे नाव पाहिजे, आणि हिशेब वाचताना मी हजर पाहिजे.” बंधूंनी थोडा वेळ विचार करून नकाशाचा कागद घडी घालून ठेवला. विहिरीजवळचे आठ गुंठे तूर्त विकावयाचे नाहीत असे ठरले. तेथे घरच्या उत्तम कांद्याचे बी धरावे व ते गावाच्या नावाने देता येते काय पाहावे, असा विचार आहे. यश येईल न येईल. पुढील आखाजीस वही उघडेल तेव्हा कळेल.

ज्या वाचकांच्या घरी अशी व्यवस्था चालू आहे किंवा मोडली आहे, त्यांनी आपला अनुभव या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा. मोडलेल्या व्यवस्थेची हकीकतही चालू असलेल्या व्यवस्थेइतकीच उपयोगी पडेल.